ज्ञानमार्गाला लागलेला पाणाड्या

मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चावी, खांद्यानं कानाला दाबून धरलेला मोबाइल.

"विमल, तू ते ज्ञानबिन लिहितीस ना मोबाइलवर? मग ये आन् तुझ्या मामाला त्यातून बाहेर काढ. गुरुवारी बोअरची गाडी येऊन राहिली आन् हे म्हणतेत, मला काय ठाऊक न्हाई."

तुमच्यापैकी बरेच जण इथे, या ब्लॉगवर, ज्ञानमार्गाबद्दल वाचायला येता. विवेक, वैराग्य, श्रवण, मनन, निदिध्यासन हे शब्द गेलं वर्षभर मी तुमच्या गळी उतरवतेय. त्यातलं मला स्वतःला किती कळलंय हा वेगळाच विषय. 'मी देह नाही, मी साक्षी आहे' असं लिहून झाल्यावर मी गॅसचा सिलेंडर आला नाही म्हणून एजन्सीवाल्याशी भांडते. पण नातेवाइकांना हे कोण सांगणार? त्यांच्या लेखी मी जाणकार. म्हणून मला बोलावणं आलं.

नागनाथमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. उदगीर आणि देगलूरच्या मधल्या पट्ट्यात त्यांचं गाव आहे. थोडी शेती, आणि चाळीस वर्षं पाणाड्याचं काम. तळहातावर आडवा नारळ ठेवून अनवाणी शेतातून चालायचं, नारळ जिथे आपोआप उभा राहील तिथे खाली पाणी. मोबदला एक शेला आणि तोच नारळ. आजूबाजूच्या गावांत मामांनी जागा दाखवल्याशिवाय बोअर पाडत नसत.

आणि वर्ष कुठलं, तर लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते. मामांच्या गावाला टँकर होता. ग्रामपंचायतीनं खटपट करून एकच बोअर मंजूर करून आणला होता. भोक एकच पडणार, तर ते कुठे पाडायचं? मामा बोलत नाहीत म्हटल्यावर उपसरपंचानं परस्पर ओढ्याकाठची जागा ठरवायला घेतली. ती त्याच्या उसाला लागून. गावाच्या वरच्या अंगाला माळावर एक वस्ती आहे, तिथल्या बाया सगळ्यात लांबून पाणी आणतात. ओढ्यापासून ती वस्ती आणखीच लांब.

"भूजलवाल्यांना बोलवा की," मी मामीला म्हटलं.

"अर्ज दिलाय. नंबर लागला की येतेत म्हणे. गाडी गुरुवारी हाय. तू ये."

मंगळवारी सकाळी निघाले. औरंगाबादहून नांदेडला गाड्या भरपूर आहेत, सकाळची पकडली तर दुपारच्या जेवणाला पोचता. जनरलमध्ये खिडकी मिळाली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, परभणीच्या पुढे तर काळी जमीन आणि तिला पडलेल्या भेगा. नांदेड स्टेशनबाहेर केळी घेतली. बोटाएवढी होती. मी तोंड वाकडं केलं तर विकणारी म्हणाली, "अर्धापूरचीच हायेत ताई. पाण्याविना आकसली, पण गोडी गेली न्हाई." खरंच गोड होती. प्रवासात घ्याच.

नांदेड ते देगलूर एसटीनं अडीच तास धरा. पिशवीत मी ज्ञानमार्गावरच्या नोंदींची वही घेतली होती. मामांशी काय बोलायचं ते नरसीपर्यंत वाचत होते, नंतर रस्त्यानंच वाचू दिलं नाही. देगलूरच्या स्टँडवर चहा प्यायला थांबले तर शेजारचा माणूस एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि कानडी बोलत होता आणि समोरच्याला सगळं कळत होतं. मला 'चहा' तेवढं कळलं.

पुढे काळी-पिवळी जीप. माणसं भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तासभर जास्तीचा ठेवा. जीपमध्ये विषय एकच, उदगीर जिल्हा होणार की नाही. रस्त्याच्या कडेला 'जिल्हा झालाच पाहिजे'चे फलक होतेच.

"जिल्हा झाला की कलेक्टर इथं बसंल. मग टँकर कसा येत न्हाई बघू."

"अगोदर आपलं गाव कुठं जातंय ते तर बघा."

मी ड्रायव्हरला मामांच्या गावाचं नाव सांगून विचारलं, ते नक्की कुठल्या जिल्ह्यात?

"कागदावर लातूर. शीव ओलांडली की नांदेड. टँकर पाहिजे म्हणून लातूरला गेलं की सांगतेत, तुम्ही आता उदगीरचे होणार, तिकडं बघा. उदगीर तर अजून झालंच न्हाई."

हे नाही, ते नाही, अजून तेही नाही. सत्य असंच शोधायचं असतं, नाही-नाही करत, असं मी दोन महिन्यांपूर्वी इथेच लिहिलं होतं. एखादं गाव त्या पद्धतीनं तहानलेलं राहू शकतं, हे मात्र मला सुचलं नव्हतं.

मामीनं दारात पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी दिलं आणि खाली घमेलं धरलं. घमेल्यातलं पाणी शेळीपुढे गेलं. मामा घरी नव्हते. "महिना झाला. सकाळी सायकल काढतेत ते दिवस बुडताना येतेत. मठात जातो म्हणून सांगतेत." दोन वर्षांपासून मामा एका मठात दर सोमवारी स्वामींचं प्रवचन ऐकायला जात होते. त्यातूनच हे खूळ आलं असं मामीचं म्हणणं.

मामा आले. वाळले होते, पण हसले छान. "शरणार्थ, विमे." इकडच्या लिंगायत घरांत नमस्कार असाच करतात. "तुला बोलावून घेतलं का हिनं?" आम्ही जेवायला बसलो. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्यांच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. या भागात आलात तर येसर मागून खा, हॉटेलात मिळत नाही, कुणाच्या तरी घरीच जेवावं लागेल.

मी वहीतलं बोलायला सुरुवात केली. "मामा, शास्त्र असं सांगतं की ज्ञान झालं तरी माणसानं आपलं काम सोडायचं नसतं—"

"मला कुठं झालंय ज्ञान?"

"मग नारळ का धरत नाही?"

"नारळ कोण उभा करतंय ते बघून राहिलो."

वही मिटली. 'जाणणारा कोण' हा ज्ञानमार्गातला सगळ्यात मोठा प्रश्न, आणि माझ्या मामांनी तो भाकरी मोडता मोडता, बोअरच्या दोन दिवस आधी काढला होता. मला त्यांचा हेवाही वाटला आणि रागही आला. शेवटी जे मनात होतं ते विचारून टाकलं. "मामा, हे वैराग्य आहे का भीती?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "तेच कळंना बघ. उद्या चल माझ्यासंग."

बुधवारी सकाळी मामांची पूजा झाली. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन चमच्यानं पाणी घातलं, तेही मोजकंच. मग मी शेजाऱ्यांची स्कूटी मागून आणली आणि मामांना मागे बसवलं. मला वाटलं मठात जायचंय. ते म्हणाले, आधी डावीकडं घे.

डावीकडं एक शेत होतं. बांधाजवळ बोअरचं लोखंडी केसिंग, म्हणजे तोंडाचा पाइप, जमिनीच्या वर आलेलं, त्यावर दगड झाकलेला. मामांनी दगड सरकवला, एक खडा आत टाकला आणि कान लावून बसले. मीही लावला. बऱ्याच वेळानं 'ठक्' असा कोरडा आवाज आला. मामांनी दगड परत ठेवला आणि म्हणाले, "हा मी दाखवलेला."

तिथून पुढच्या शेतात. पुन्हा खडा, पुन्हा ठक्. तिसऱ्या ठिकाणी डुबुक वाजलं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. मामा हसले नाहीत. महिनाभर ते हेच करत होते. मठबिठ काही नाही, आयुष्यभरात दाखवलेलं एकेक भोक स्वतः बघून येत होते. निम्म्याहून जास्त कोरडी निघाली होती. उन्हाळ्यात आटलेली वेगळी, त्यांना मामा धरत नव्हते. ही पहिल्या दिवसापासूनच कोरडी.

"आणि तुम्हाला माहीतच नव्हतं?"

उत्तर चौथ्या शेतातल्या म्हाताऱ्यानं दिलं. तो आम्हाला बघून गडबडला, चहा टाकायला सांगितला, बोअरपासून दुसरीकडे नेऊ लागला. मामा हटले नाहीत तेव्हा कानकोंडा होऊन म्हणाला, "आप्पा, ते कुठं सांगायचं असतंय का? पाणाड्याला तोंडावर कोरडा म्हणलं की त्याचा हात जातो. आमच्या नशिबात नव्हतं, तुमचा काय दोष?"

हा इकडचा रिवाज. पाणी लागलं तर वाजतगाजत पेढे घेऊन पाणाड्याच्या घरी जायचं. नाही लागलं तर गप्प बसायचं, शेला मात्र तरीही पाठवायचा. कारण त्याच्या हातातली विद्या गेली तर सगळ्या मुलखाचं नुकसान. मामांच्या घरी एक पेटी भरून शेले आहेत. त्यातले कोरड्या बोअरचे कुठले आणि पाण्याचे कुठले, ते आता कुणालाच ओळखता येणार नाही.

"चाळीस वर्षं मी नुसते पेढेच खाल्ले, विमे," मामा म्हणाले.

मग मठात गेलो. छोटासा मठ, चिंचेखाली. स्वामी वयस्कर, बोलताना मध्येच कानडीत शिरणारे. मी त्यांना स्पष्टच म्हटलं, तुमच्या प्रवचनानं आमच्या घरी आणि गावात पंचाईत झाली आहे.

स्वामी ओशाळले. "मी एवढंच म्हणलो होतो की ऐकलेलं म्हंजे ज्ञान न्हवं. मनात घोळवायचं, तपासून बघायचं. सगळे माना डोलवतेत. तपासाय कुणी जातंय असं मला पण वाटलं न्हाई."

"सुरुवात कशी झाली ते सांगा की," मामा म्हणाले.

स्वामींनी मठाच्या मागे बोट केलं. तिथेही एक केसिंग, त्यावर दगड. "हा पण आप्पांनीच दाखवलेला. एके सोमवारी यांनी बघितलं, मठात पाणी टँकरनं येतंय. मग विचारले. मला खरं सांगावं लागलं."

"म्हणजे तुम्हीसुद्धा लपवलं होतं? सत्यावर प्रवचन देता आणि—"

"हात जाईल म्हणून भ्यालो, अम्मा," स्वामी म्हणाले.

मी ज्ञानमार्गाचा उलगडा करून घ्यायला गेले होते, चहा पिऊन परत आले. येताना डोकं भणभणत होतं. मामांनी केलं ते श्रवण, मनन आणि पुढचं सगळं अगदी क्रमानं केलं होतं, मला वर्षभरात जमलं नाही ते. पण त्याचं फळ काय? ओढ्याकाठी उपसरपंचाच्या उसाला पाणी.

संध्याकाळी घरात जुंपली. मामी म्हणाली, "नारळ धरा, चालत वस्तीपर्यंत जा आन् तिथं उभा करा. कोण बघाय बसलंय तुमच्या मनात?"

आणि मी, ज्ञानमार्गावर लिहिणारी मी, मामीच्या बाजूनं बोलले. "मामा, एकदाच करा. तुम्ही खरं बोलून घरात बसलात तर बोअर ओढ्याला जाणार. तुमच्या ज्ञानावर त्याचा ऊस पिकणार आणि वस्तीवरच्या बायांनी काय करायचं? साक्षीभावानं घागरी वाहायच्या?" हे बोलताना माझा आवाज चढला होता. लाजही वाटत होती आणि माझं बरोबर आहे असंही वाटत होतं. मामा उठून शेळी बांधायला गेले.

गुरुवारी बोअरची गाडी आली. तामिळनाडूकडची माणसं होती, त्यांना आमच्या भांडणातलं काही कळत नव्हतं. त्यांचा मुख्य माणूस दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचा, "किधर? किधर मारना?" चावडीसमोर सगळं गाव जमलेलं. मामीनं मामांच्या पिशवीत गुपचूप नारळ ठेवला होता. मामांनी तो बाहेर काढला तेव्हा लोक पुढे सरकले. मामीनं माझा दंड घट्ट धरला.

मामांनी नारळ जमिनीवर ठेवला.

"हा माझ्या हातानं उभा राहतोय का पाण्यानं, मला ठाऊक न्हाई. मी दाखवलेले निम्म्याच्या वर कोरडे हायेत. मी बघून आलो. मला कुणी सांगितलं न्हाई, पण मी पण कधी विचारलं न्हाई."

मग उपसरपंच म्हणाला, "हाव, तर मग आप्पाचा संबंधच मिटला. गाडी ओढ्याकडं घ्या."

"तिथं पाणी हाय हे तुला ठाऊक हाय?" मामांनी विचारलं.

"ओढा हाय म्हंजे असंलच की."

"ओढ्याच्या काठाला तीन बोअर मीच दाखवलेत. एक तुझ्या बापाच्या वेळचा. तिन्हीत खडा टाकून बघितला. चल, तुला ऐकवतो." उपसरपंच जागचा हलला नाही. त्याला ऐकवायची गरज नव्हती, हे सगळ्यांना दिसलं.

मामा पुढे म्हणाले, "कुठं न्हाई ते मला महिनाभरात कळलं. कुठं हाय ते न्हाई कळलं, आन् इथं कुणालाच ठाऊक न्हाई. ठाऊकच न्हाई तर मग जिथल्या बाया लई लांब चालतेत तिथं पाडा. लागलं तर त्यांचं चालणं तरी वाचंल."

वस्तीवरची कमळबाई मागे उभी होती, डोक्यावर चुंबळ तशीच. ती म्हणाली, "आन् न्हाई लागलं तर, आप्पा?"

"तर मला येऊन सांग. तोंडावर सांग."

लोकांत चुळबुळ झाली. एकजण चिडून म्हणाला की, शेवटी एवढ्याचसाठी होतं तर आधीच का नाही बोललात. म्हाताऱ्या माणसांना हे आवडलं नव्हतं, दोघेतिघे उठून निघून गेले. पण वाद घालायला कुणाकडे काही मुद्दा नव्हता. सरपंचांनी मान हलवली. जमिनीवरचा नारळ उचलून कुणीतरी गाडीच्या चाकापुढे फोडला आणि गाडी माळाकडे वळली.

मला शुक्रवारचा दिवस प्रवासात घालवून शनिवारी कामावर हजर व्हायचं होतं. बोअर सुरू झाला तेव्हा मी उदगीरच्या जीपमध्ये बसले. मागे वळून पाहिलं तर माळावर पांढऱ्या धुरळ्याचा लोट दिसत होता. धुरळा म्हणजे अजून पाणी नाही, एवढं मला आता कळत होतं.

उदगीरचा किल्ला बघायचा राहिला, तुम्ही बघा. उदगीर-लातूर एसटी दर अर्ध्या तासाला आहे. लातूरला लॉजवर उतरणार असाल तर आधीच विचारून घ्या, मला खोलीमागे एक बादली मिळाली आणि मॅनेजरनं ती स्वतः वर आणून दिली. निलंगा राईस मात्र चुकवू नका, गाड्यावरचा पिवळा, तिखट, भरपेट. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं अंबाजोगाई, बीड करत औरंगाबादला यायला दिवस जातो. वाटेत फोन लावत होते, लागत नव्हता.

घरी आले, नळ सोडला, पाणी आलं. हात धुता धुता नळ बंद केला, परत सोडला. मामांना मी खोटं बोलायचा सल्ला दिला होता, हे दिवसभर टोचत होतं. ओढ्याचे तीन बोअर कोरडे होते, म्हणजे तिथे गेलं असतं तरी काही मिळालं नसतं. पण चौथा? ते कुणालाच माहीत नाही. आणि मामीचं ऐकून मामांनी नारळ उभा केला असता तरी गाडी वस्तीवरच गेली असती. मग फरक काय पडला? याचं उत्तर माझ्या वहीत नाही. वर्षभर मी तुम्हाला ज्या मार्गाबद्दल सांगत होते त्यावर माझं पाऊल पडलंय का, तेही मला सांगता येत नाही.

संध्याकाळी मामांचा फोन आला.

"विमे, कोरडा गेला."

"किती फूट?"

"पाचशेच्या पुढं नेला. नुसता भुगा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कमळबाई. गाडी वस्तीवरून हलायच्या अगोदर दारात आली. बस म्हणलो, बसली न्हाई. म्हणली, आप्पा, कोरडा गेला. आन् तशीच उभी राहिली. मी पण उभा राहिलो. मग म्हणली, टँकरला वर यायला वाट न्हाई, मधी दगडं हायेत. उद्या मी आन् आणखी दोघं तिघं ती काढाय जाणार."

मला काहीतरी बोलायचं होतं आणि तोंडातून निघालं ते हे, "मामा, तुम्हाला काही वाटलं नाही ना? म्हणजे, साक्षीभावानं..."

"कशाचा साक्षीभाव, पोरी. ती गेल्यावर लई रडलो." मागून मामी त्यांना जेवायला बोलवत होती. "पण ती येऊन सांगून गेली, विमे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."